नाम, लिंग आणि विस्मृती : आद्य ख्रिस्ती मंडळीतील स्त्रियांच्या उल्लेखांची भाषिक चिकित्सा

१

आद्य ख्रिस्ती मंडळीत स्त्रियांनी केलेले कार्य पुढे विस्मृतीत गेले, असे विधान गेल्या अर्धशतकातील अभ्यासात वारंवार आढळते. विधान खरे आहे. परंतु त्यातील क्रियापद भाषेच्या अभ्यासकाचे समाधान करणारे नाही. ‘विस्मृतीत जाणे’ ह्या प्रयोगात विसरणारा कोण, हे सांगावे लागत नाही. काळ लोटला, धूळ साचली आणि नावे आपोआप पुसली गेली, असा समज त्यातून होतो. वस्तुस्थिती तशी नाही. ज्या मजकुरात ह्या स्त्रियांची नावे आहेत तो मजकूर कधी हरवलाच नव्हता. पौलाची पत्रे प्रत्येक पिढीने वाचली, नकलून काढली, त्यांवर भाष्ये लिहिली, त्यांचे अनुवाद केले. नावे डोळ्यांसमोर असताना माणसे दिसेनाशी झाली. हे कसे घडले, हा खरा प्रश्न आहे.

ह्या प्रश्नाचे उत्तर धर्मसभांच्या ठरावांत शोधण्याची प्रथा आहे. तेथे काही उत्तर मिळते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु प्रस्तुत लेखात त्याहून लहान आणि म्हणूनच दुर्लक्षित राहिलेल्या स्थळांकडे लक्ष वेधावयाचे आहे : नामाचे लिंग, सर्वनामाचे रूप, दोन नावांचा क्रम, एखाद्या शब्दाला निवडलेला पर्याय. ह्यांतील प्रत्येक निर्णय स्वतंत्रपणे पाहिला तर क्षुल्लक वाटतो. ते सर्व एकत्र ठेवले म्हणजे मात्र त्यांचा कल एकाच दिशेला असल्याचे दिसून येते, आणि तो कल हाच ह्या लेखातील मुख्य पुरावा आहे. आज स्त्रियांना धर्मदीक्षा द्यावी की न द्यावी, हा प्रश्न लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे. मजकुरात काय आहे आणि त्याचे पुढे काय केले गेले, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

२

आधारासाठी रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय घेऊ. हे पत्र पौलाने इसवी सन ५७ च्या सुमारास करिंथ येथून लिहिले, असे सामान्यतः मानले जाते. पंधरा अध्यायांतील गहन विवेचन संपल्यावर येणारा हा अध्याय वरवर पाहता निव्वळ सलामांची यादी आहे. प्रवचनकार ती सोडून पुढे जातात. परंतु पत्राच्या शेवटी येणारी यादी हा इतिहासाच्या दृष्टीने अतिशय मोलाचा पुरावा असतो. कारण तेथे लेखक काही सिद्ध करावयास बसलेला नसतो. कोण कोठे काय काम करीत होते हे तो सहज सांगून जातो.

आरंभी फीबी ह्या स्त्रीची शिफारस आहे. करिंथचे पूर्वेकडील बंदर जे किंख्रिया, तेथील मंडळीत तिचे काम होते, आणि हे पत्र रोमला घेऊन जाणारी व्यक्ती बहुधा तीच होती. त्यानंतर ज्यांना सलाम पाठविला आहे त्यांत १७ पुरुष व ९ स्त्रिया आहेत. म्हणजे संख्येने पुरुष जवळजवळ दुप्पट आहेत. परंतु कार्याचा उल्लेख करताना हे प्रमाण टिकत नाही. ‘कोपिआओ’ हे ग्रीक क्रियापद ‘कष्ट उपसणे, झिजणे’ ह्या अर्थाचे असून पौल ते स्वतःच्या प्रेषितकार्यासाठी, करिंथकरांस व गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांतून, वापरतो. रोमकरांस पत्रातील ह्या यादीत ते तीन वेळा आले आहे, आणि तिन्ही वेळा स्त्रियांविषयी : मरीया, त्रुफैना, त्रुफोसा व पर्सिस. यादीतील एकाही पुरुषासाठी ते आलेले नाही. ह्यावरून पुरुष कष्ट करीत नव्हते असा निष्कर्ष काढणे हास्यास्पद ठरेल. पण पौलाच्या शब्दकोशात स्त्रियांचे काम व स्वतःचे काम ह्यांसाठी दोन निराळी क्रियापदे नव्हती, एवढे निश्चित म्हणता येते.

ह्याच यादीत प्रिस्का व अक्विल्ला हे दांपत्य आहे. नव्या करारात त्यांचा एकत्र उल्लेख सहा वेळा येतो आणि त्यांपैकी चार वेळा पत्नीचे नाव आधी आहे. ग्रीक-रोमन लेखनात पतीचे नाव आधी घेण्याची रीत असता हा क्रम उलटा का, ह्याविषयी मतभेद आहेत. तिचे सामाजिक स्थान वरचे असेल, किंवा मंडळीच्या कामात ती अधिक पुढे असेल. कारण कोणतेही असो, क्रम अर्थपूर्ण आहे हे नकलकारांनाही जाणवले होते, असे पुढे दिसेल.

३

फीबीच्या वर्णनात दोन नामे आली आहेत : ‘दिआकोनोस’ व ‘प्रोस्तातिस’. दोहोंचा प्रवास उद्बोधक आहे.

‘दिआकोनोस’ हे रूप ग्रीकमध्ये पुरुष व स्त्री दोघांनाही लागू पडते. लिंग दाखवावयाचे ते उपपदाने. सेवा करणारा, निरोप पोहोचविणारा, कोणाच्या वतीने कार्य करणारा, असा त्याचा अर्थपट आहे. पौल हा शब्द स्वतःसाठी, अपुल्लोससाठी, इतकेच नव्हे तर ख्रिस्तासाठीही वापरतो. १६११ च्या इंग्रजी राजमान्य भाषांतरात पौलाला व अपुल्लोसला लागलेला हा शब्द धर्मकार्य चालविणाऱ्या अधिकाऱ्याच्या अर्थाने आला आहे. फीबीजवळ आल्यावर मात्र तोच शब्द ‘नोकर’ ह्या अर्थाच्या साध्या शब्दात उतरला. १९४६ च्या सुधारित इंग्रजी नव्या कराराने तिला ‘डीकनेस’ केले. हे पाऊल पुढचे वाटते. परंतु त्यातही एक कालविपर्यास आहे. ‘दिआकोनिस्सा’ हे स्वतंत्र स्त्रीलिंगी रूप पुढच्या काळातले. निकेया येथील धर्मसभेच्या (इसवी सन ३२५) नियमांत ह्या वर्गातील स्त्रियांचा उल्लेख आहे, आणि खल्कदोन येथील धर्मसभेने (४५१) अशा स्त्रीची वयोमर्यादा किमान चाळीस वर्षे ठरविली. फीबीच्या काळी ही निराळी कोटी निर्माण झालेली नव्हती. तिला लागलेला शब्द पुरुषांना लागणाराच शब्द होता.

दुसरा शब्द ‘प्रोस्तातिस’. ह्याचे पुल्लिंगी रूप ‘प्रोस्तातेस’ हे पुढारी, पालक, आश्रयदाता ह्या अर्थांनी ग्रीक वाङ्मयात रूढ आहे. ज्या धातूपासून ते आले त्याचे कृदंत पौलाने इतरत्र मंडळीचे नेतृत्व करणाऱ्यांसाठी वापरले आहे. अनेकांची, आणि खुद्द पौलाची, आश्रयदात्री असे तिचे वर्णन आहे. म्हणजे येथे उपकाराची दिशा स्त्रीकडून प्रेषिताकडे जाते. अनुवादांत मात्र ह्या नामाचे ‘साहाय्य करणारी’ असे काहीसे सौम्य रूप झाले. साहाय्य हे कनिष्ठही करतो. आश्रय देण्यास साधने व प्रतिष्ठा लागते. अर्थातील हा फरक पुसला गेला.

हा शब्दप्रयोग केवळ पौलापुरता होता काय? नव्हता. इसवी सन ११२ च्या सुमारास बिथुनिया प्रांताचा अधिकारी धाकटा प्लिनी ह्याने सम्राट त्राजानला लिहिलेल्या पत्रात, ख्रिस्ती लोकांची माहिती मिळविण्यासाठी आपण दोन दासींना यातना दिल्या, असे नमूद केले आहे. त्यांना त्यांचे लोक ‘मिनिस्त्राय’ म्हणतात, असे तो सांगतो. हा ‘दिआकोनोस’चा लॅटिन प्रतिशब्द असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. ह्या साक्षीचे विशेष मोल असे की प्लिनी ख्रिस्ती नव्हता. स्त्रियांचे माहात्म्य वाढविण्यात किंवा कमी करण्यात त्याला स्वारस्य नव्हते. मंडळीची माहिती हवी तर ह्या दोघींना विचारावे, एवढा व्यावहारिक विचार त्याने केला. समाजाने दासी ठरविलेल्या स्त्रिया मंडळीत पदनामाने ओळखल्या जात होत्या, ही गोष्ट एका परक्या अधिकाऱ्याच्या लेखणीतून टिकून राहिली.

दुसरी साक्ष दगडावरची आहे. यरुशलेमजवळील जैतुनाच्या डोंगरावर १९०३ मध्ये सोफिया नावाच्या स्त्रीचा ग्रीक समाधिलेख सापडला. त्याचा काळ चौथ्या ते सहाव्या शतकाच्या दरम्यान धरला जातो. त्यात तिला ‘दिआकोनोस’ म्हटले असून स्त्रीलिंगी उपपद जोडले आहे, आणि ‘दुसरी फीबी’ असा तिचा गौरव केला आहे. ‘दिआकोनिस्सा’ हे रूप उपलब्ध असलेल्या काळात जुने समान रूप वापरले गेले आणि त्यासाठी फीबीचे नाव आधाराला घेतले गेले. ज्या स्त्रीला पुढे अनुवादांनी नोकर ठरविले, तिचे नाव कोणे एके काळी पदाचा दाखला म्हणून दगडावर कोरले जात होते, हे ह्यावरून सिद्ध होते.

४

आता युनियेकडे वळू. अंद्रोनीकसह तिला सलाम पाठविताना पौल त्या दोघांना आपले सजातीय, आपल्याबरोबर बंदिवास भोगलेले, आपल्याआधी ख्रिस्ती झालेले, आणि प्रेषितांमध्ये नामांकित असे म्हणतो. एखादी स्त्री प्रेषितांत गणली जावी, हे पुढील काळाला पटणे कठीण होते. अडचण टाळण्याचे दोन मार्ग होते : स्त्रीला पुरुष ठरविणे, किंवा तिला प्रेषितांतून बाहेर काढणे. इतिहासात दोन्ही मार्ग चोखाळले गेले आणि दोन्ही व्याकरणातून गेले.

पहिला मार्ग स्वराघाताचा. मजकुरात हे नाव द्वितीया विभक्तीत आहे. ते ‘युनिया’ ह्या स्त्रीनामाचे रूप आहे, की ‘युनियास’ ह्या पुरुषनामाचे, हे अक्षरांवरून कळत नाही. केवळ स्वराघाताच्या चिन्हावरून कळते. अतिप्राचीन हस्तलिखितांत ही चिन्हे सातत्याने दिली जात नसत. अशा वेळी भाषाशास्त्राची रीत स्पष्ट आहे : कोणते नाव प्रत्यक्ष वापरात होते ते पाहावे. ‘युनिया’ हे लॅटिन स्त्रीनाम रोम शहरातील शिलालेखांत अडीचशेच्या घरात आढळते. ‘युनियास’ हे ‘युनियानुस’ ह्या नावाचे संक्षिप्त रूप असावे अशी कल्पना मांडली गेली; परंतु तशा संक्षिप्त रूपाचे एकही निर्विवाद उदाहरण त्या काळच्या साहित्यात वा शिलालेखात मिळालेले नाही. जे नाव शेकडो वेळा सापडते ते सोडून, जे कोठेच सापडत नाही ते स्वीकारावयाचे, ही पद्धती अन्य कोणत्याही नावाच्या बाबतीत अभ्यासकांनी मान्य केली नसती.

प्राचीन भाष्यकारांची साक्षही ह्याच बाजूची आहे. योहान ख्रिसोस्तोम (मृत्यू ४०७) ह्याने रोमकरांस पत्रावरील प्रवचनांत युनियेला स्त्री समजून, ती प्रेषित ह्या नावास पात्र ठरली ह्याबद्दल तिची मुक्तकंठाने स्तुती केली आहे. ख्रिसोस्तोम स्त्रियांच्या जाहीर उपदेशाचा पुरस्कर्ता नव्हता. म्हणून त्याची साक्ष अधिक वजनदार ठरते. ग्रीक ही त्याची मातृभाषा. त्याला ह्या नावात पुरुष दिसला नाही आणि ह्या वाक्यात संदिग्धता जाणवली नाही. उलट बाजूस, एपिफानियसच्या नावावर मोडणारी शिष्यांची एक यादी युनियेला पुरुष समजते हे खरे. पण तीच यादी प्रिस्कालाही पुरुष करून बिशपच्या आसनावर बसविते. अशा साक्षीदारावर किती विसंबावे, हे वाचकांनीच ठरवावे.

पाश्चात्त्य भाष्यकारांत युनियेला पुरुष मानणारा पहिला म्हणून सामान्यतः रोमचा एगिदियुस (मृत्यू १३१६) ह्याचे नाव घेतले जाते. सोळाव्या शतकात लूथरच्या जर्मन अनुवादाने ह्या नावामागे पुल्लिंगी उपपद लावले आणि मत दूरवर पसरले. तरीही छापील ग्रीक आवृत्त्यांत, एखादा अपवाद वगळता, इरॅस्मसपासून (१५१६) विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकापर्यंत स्त्रीलिंगी स्वराघात टिकून होता. १६११ च्या इंग्रजी भाषांतरातही युनिया स्त्रीच आहे. बदल झाला तो आधुनिक काळात. १८८१ च्या सुधारित इंग्रजी आवृत्तीने पुरुषनाम स्वीकारले. १९२७ मध्ये नेस्लेच्या ग्रीक आवृत्तीत स्वराघात बदलून पुल्लिंगी रूप मुख्य मजकुरात आले. आणि १९४६ च्या इंग्रजी अनुवादाने तर मुळात नसलेला ‘पुरुष’ ह्या अर्थाचा शब्दच वाक्यात घातला. अंधारयुगात स्त्री हरवली आणि आधुनिक शास्त्राने ती शोधली, ही सुखद कथा येथे लागू पडत नाही. शास्त्रशुद्ध म्हणविणाऱ्या आवृत्तीनेच तिला पुरुष केले. १९७७ मध्ये बर्नाडेट ब्रूटन ह्यांच्या लेखाने प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. १९९८ मध्ये नेस्ले-आलांट आवृत्तीत स्त्रीलिंगी स्वराघात परत आला. आणि २००५ मध्ये एल्डन एप ह्यांनी ह्या सर्व प्रवासाची सविस्तर छाननी ग्रंथरूपाने केली.

दुसरा मार्ग ह्यानंतर पुढे आला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. युनिया स्त्रीच होती हे मान्य झाल्यावर २००१ मध्ये बुरर व वॉलेस ह्या अभ्यासकांनी असे प्रतिपादन केले की, येथील विशेषण ‘एपिसेमोस’ व अव्यय ‘एन’ ह्यांचा अर्थ ‘प्रेषितांमध्ये नामांकित’ असा नसून ‘प्रेषितांना सुपरिचित’ असा घ्यावा. त्याच वर्षीच्या एका इंग्रजी अनुवादाने तो अर्थ स्वीकारलाही. हा युक्तिवाद भाषिक आहे आणि त्याचे उत्तर भाषिकच असले पाहिजे. ‘एन’ ह्या अव्ययासह अनेकवचनी व्यक्तिवाचक नाम आले असता ‘त्या समूहात’ असा अर्थ स्वाभाविक आहे. त्यांनी दिलेल्या उदाहरणांची छाननी करून इतर विद्वानांनी त्यांतील काही उलट पक्षीच जातात असे दाखविले. शिवाय शतकानुशतके जे ग्रीकभाषक वाक्य वाचीत आले त्यांना ‘प्रेषितांपैकी’ हाच अर्थ सुचला होता. येथे प्रश्न केवळ अर्थाचा नाही, वेळेचाही आहे. युनियास हा पुरुष होता तोवर तो प्रेषितांत असण्याला हरकत घेण्याची निकड फारशी कोणाला भासली नाही. नावाचे लिंग बदलताच अव्ययाचा अर्थ बदलावासा वाटू लागला.

५

एका नावावरून एवढा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल, असा आक्षेप येणे स्वाभाविक आहे. म्हणून इतर स्थळे पाहू. कलस्सैकरांस पत्राच्या शेवटी नुंफा नावाच्या व्यक्तीच्या घरी जमणाऱ्या मंडळीचा उल्लेख आहे. हेही नाव द्वितीयेत असून स्वराघातानुसार स्त्री अथवा पुरुष ठरते. येथे मात्र पुढे आलेले सर्वनाम मदतीला येते. व्हॅटिकन हस्तलिखितात ते ‘तिच्या’ असे आहे; पाश्चात्त्य व उत्तरकालीन बायझंटाइन प्रतींत ‘त्याच्या’; तर इतर काही प्राचीन प्रतींत ‘त्यांच्या’. १६११ च्या इंग्रजीने पुरुष पत्करला. ‘तिच्या’चे ‘त्याच्या’ का झाले हे समजू शकते. ‘त्याच्या’चे ‘तिच्या’ कोणी का करावे, ह्याचे कारण सापडत नाही.

सुमारे इसवी सन ४०० मधील, केंब्रिज येथे असलेले बेझा हस्तलिखित ह्या दृष्टीने विशेष बोलके आहे. प्रेषितांची कृत्ये ह्या ग्रंथात प्रिस्किल्ला व अक्विल्ला अपुल्लोसाला शिकवितात त्या स्थळी ह्या प्रतीत पतीचे नाव आधी आले आहे. थेस्सलनीका येथील प्रतिष्ठित स्त्रियांच्या जागी प्रतिष्ठित पुरुषांच्या पत्नी आल्या आहेत. अथेन्स येथे विश्वास धरणाऱ्या दामारीचे नावच वगळले गेले आहे. एकाच प्रतीत, एकाच ग्रंथात, हे तीन बदल एकाच दिशेचे आहेत.

येथे तुलनेसाठी एक निराळा प्रमाद पाहण्यासारखा आहे. इसवी सन २०० च्या सुमाराच्या एका प्रसिद्ध पपायरसात, रोमकरांस पत्रातील युनियेच्या जागी ‘युलिया’ असे नाव आले आहे. ही खरी हस्तप्रमादाची जात : एक अक्षर चुकले, लिंग तेच राहिले. लेखनिकाचा हात चुकतो तेव्हा तो कोणत्याही दिशेला चुकतो. सर्व बदल एकाच दिशेने होत असतील तर ते हाताचे नसून मनाचे असतात. मात्र ते मन दुष्ट होते असे समजण्याची आवश्यकता नाही. नकलकाराला जे अशक्य वाटले ते त्याने प्रामाणिकपणे दुरुस्त केले असेल. दुरुस्त करणारा प्रामाणिक असला, तरी मजकुरातून स्त्री गेली ती गेलीच.

विरुद्ध पुराव्याचाही विचार केला पाहिजे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे अशी आज्ञा आहे. ह्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात प्रार्थना करणाऱ्या व संदेश देणाऱ्या स्त्रिया गृहीत धरल्या आहेत. चौदाव्यातील ती दोन वचने काही पाश्चात्त्य प्रतींत अध्यायाच्या शेवटी गेलेली आढळतात. ह्यावरून ती मागाहून समासातून मजकुरात शिरली असावीत, असे काही विद्वान मानतात. परंतु ती मुळीच नाहीत अशी एकही प्रत उपलब्ध नाही, आणि आपल्याला गैरसोयीचे ते सर्व प्रक्षिप्त ठरविणे हे दुसऱ्या टोकाचे तेच पाप होय. पहिल्या शतकातील मंडळीत ह्या बाबतीत एकमत नव्हते, असे म्हणणे अधिक सुरक्षित आहे. वाद होता, ह्याचाच अर्थ स्त्रिया बोलत होत्या. कोणी बोलत नसेल तर त्याला गप्प राहण्याची आज्ञा करावी लागत नाही.

६

हा सर्व प्रपंच मराठी अभ्यासकाने का करावा? त्याला दोन कारणे आहेत, आणि त्यांतील पहिले आपल्या व्याकरणातच आहे.

अंद्रोनीक व युनिया ह्यांच्यासाठी ग्रीकमध्ये संबंधी सर्वनाम पुल्लिंगी अनेकवचनी आहे. पुरुष व स्त्री एकत्र असता ग्रीक पुल्लिंग वापरते. म्हणून त्यावरून काहीच ठरत नाही. मराठीला ही सोय नाही. दोन पुरुषांना आपण ‘ते दोघे’ म्हणतो, दोन स्त्रियांना ‘त्या दोघी’, आणि एक पुरुष व एक स्त्री ह्यांना ‘ती दोघे’. राम आणि सीता वनात ‘गेली’. म्हणजे जेथे मूळ ग्रीक मौन पाळते तेथे मराठी अनुवादकाला बोलावेच लागते. आदरार्थी ‘ते’ योजून हा निर्णय झाकता येतो, जसे ‘आईवडील आले’. पण झाकणे हाही एक निर्णयच होय. त्याचप्रमाणे पत्रांतून येणाऱ्या ‘आदेल्फोई’ ह्या संबोधनात भाऊ व बहिणी दोन्ही सामावू शकतात. आपल्याकडे रूढ झालेल्या ‘बंधुजनहो’ ह्या संबोधनात बहीण ऐकू येत नाही. ‘भावंडे’ हा अस्सल मराठी नपुंसकलिंगी शब्द हाताशी असूनही उपासनेच्या भाषेत त्याला स्थान मिळाले नाही. तो घरगुती वाटला असावा.

पदनामांची गोष्ट आणखी सूक्ष्म आहे. ‘सेवक’ आणि ‘सेविका’ ही जोडी रूपदृष्ट्या समान असली तरी अर्थदृष्ट्या समान नाही. ‘लोकसेवक’ म्हटले की अधिकार डोळ्यांसमोर येतो. ‘सेविका’ म्हटले की शुश्रूषा. ‘पाटील’ व ‘पाटलीण’ ह्या जोडीत तर दुसरा शब्द पद धारण करणाऱ्या स्त्रीचा नसून पद धारण करणाऱ्याच्या पत्नीचा वाचक आहे. हीच संदिग्धता ग्रीकमध्येही आढळते. तीमथ्यास पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात मंडळीच्या सेवकांचे गुण सांगताना मध्येच स्त्रियांचे गुण येतात. ‘गुने’ ह्या ग्रीक शब्दाचा अर्थ स्त्रीही होतो व पत्नीही. त्या सेवकपद धारण करणाऱ्या स्त्रिया, की सेवकांच्या पत्नी? १६११ च्या इंग्रजीने मुळात नसलेले ‘त्यांच्या’ हे सर्वनाम घालून प्रश्न निकालात काढला. मराठीतील ‘बायका’ हा शब्द मात्र मूळची संदिग्धता जशीच्या तशी पेलू शकतो; त्याचेही दोन्ही अर्थ होतात. बोली म्हणून टाकलेला शब्द कधी कधी संस्कृतप्रचुर पर्यायांपेक्षा मुळाशी अधिक प्रामाणिक असतो, ह्याचे हे उत्तम उदाहरण आहे.

दुसरे कारण इतिहासाचे. बायबलचा संपूर्ण मराठी अनुवाद एका स्त्रीने एकहाती, मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून केला, ही घटना आपल्याच भाषेत घडलेली आहे. पंडिता रमाबाईंनी केडगाव येथील मुक्तिसदनात हे काम १९२२ मधील आपल्या निधनापूर्वी पुरे केले, आणि १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. जुळाईपासून छपाईपर्यंत मुक्तिसदनातील स्त्रियांचेच हात त्यास लागले होते. ह्याच रमाबाईंनी १८८० च्या दशकात इंग्लंडात चेल्टनहॅम येथे असताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, ह्यावर भारतातील बिशपांनी हरकत घेतली होती. त्या पत्रव्यवहारातील रमाबाईंची भूमिका ताठ व स्वतंत्र आहे. प्रिस्किल्लेने अपुल्लोसाला शिकविले तो प्रसंग आणि हा प्रसंग ह्यांमध्ये अठरा शतकांचे अंतर आहे; प्रश्न एकच आहे. असे असूनही मराठी अनुवादविचारात रमाबाईंच्या ह्या ग्रंथाची चर्चा त्यांच्या समाजकार्याच्या मानाने फारच थोडी झाली आहे. स्त्रीने केलेले शब्दांचे काम तिच्या सेवाकार्याच्या आड जाते. फीबीच्या बाबतीत झाले ते हेच.

७

शेवटी एक सावधगिरीची सूचना करणे अवश्य आहे. वरील विवेचनाचा अर्थ असा नव्हे की, फीबीला आजच्या अर्थाने दीक्षित अधिकारी किंवा ‘प्रोस्तातिस’ला मंडळीची अध्यक्षा ठरवावे. पहिल्या शतकाच्या मध्यास ही पदे पुरुषांच्या बाबतीतही घट्ट झालेली नव्हती. नियम एवढाच असावा : एकाच लेखकाने एकाच अर्थाने वापरलेला शब्द पुरुषाजवळ मोठा व स्त्रीजवळ लहान होऊ नये. पौल सेवक असेल तर फीबीही सेवक. फीबी नोकर असेल तर पौलही नोकर. दोहोंपैकी कोणताही पर्याय अनुवादकाने घ्यावा. मात्र तो दोघांनाही लावावा.

मार्काच्या शुभवर्तमानात एक स्त्री येशूच्या मस्तकावर सुगंधी तेल ओतते. जेथे जेथे शुभवर्तमान गाजविले जाईल तेथे तिच्या स्मरणार्थ ह्या कृत्याचे कथन होईल, असे येशूने म्हटल्याचे तेथे नमूद आहे. आणि त्याच शुभवर्तमानाने तिचे नाव मात्र नोंदविलेले नाही. एलिझाबेथ श्यूस्लर फिओरेंझा ह्यांनी १९८३ मधील आपल्या ‘इन मेमरी ऑफ हर’ ह्या ग्रंथाचे नाव ह्याच विसंगतीवरून घेतले. त्या स्त्रीचे नाव आता मिळण्यासारखे नाही. परंतु फीबी, प्रिस्का, युनिया, नुंफा, पर्सिस ही नावे पानावर आहेत. ती इतिहासकाराला शोधावी लागत नाहीत. वाचकाला नीट वाचावी लागतात. सर्व मराठी अनुवादांतील रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय शेजारी शेजारी ठेवून प्रत्येक नामाचे लिंग, प्रत्येक सर्वनाम व प्रत्येक पदनाम तपासणे हे काम मोठे नाही. आपल्या विभागातील एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने ते हाती घ्यावे, आणि आरंभ रमाबाईंच्या अनुवादापासून करावा.